निनावी वाणीचे उत्तरदायित्व : अरब समाजातील अंकीय माध्यमे आणि नागरी संवाद

सार्वजनिक वाणीला नैतिक वजन कशामुळे प्राप्त होते, या प्रश्नाचे परंपरागत उत्तर 'बोलणाऱ्याच्या नावामुळे' असे आहे. हाना आरेन्ट यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात उक्ती आणि कृती यांतून माणूस आपण 'कोण' आहोत हे प्रकट करतो, अशी मांडणी केली. मिशेल फूको यांनी १९८३ मध्ये बर्कली येथे दिलेल्या व्याख्यानांत 'पारेसिया' या ग्रीक संकल्पनेचा शोध घेतला. सामर्थ्यवानासमोर सत्य सांगणारा जी जोखीम पत्करतो, ती त्याच्या निष्ठेची खूण ठरते, हा त्या विवेचनाचा गाभा आहे. या दोन्ही विचारांत निनावी वाणी गौण ठरते. परंतु २०१० नंतर अरब जगतात अंकीय माध्यमांनी जो नागरी संवाद शक्य केला, तो बव्हंशी नाव न लावता झाला. तो संवाद नैतिकदृष्ट्या उणा मानावा काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

अरबी-इस्लामी ज्ञानपरंपरेत या प्रश्नाची एक स्वतंत्र पूर्वपीठिका आढळते. हदीसची विश्वसनीयता 'इस्नाद'वर, म्हणजे ती कोणी कोणाकडून ऐकली या नामनिर्दिष्ट साखळीवर, अवलंबून असते. साखळीतील एखादा निवेदक 'मजहूल', म्हणजे अज्ञात, असेल तर ती हदीस दुर्बल मानली जाते. उलटपक्षी 'हजार आणि एक रात्री'तील कथांना कोणी एक कर्ता नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. कथेला कर्त्याचे नाव लागत नाही, साक्षीला मात्र साक्षीदाराचे नाव लागते, असा हा भेद होय. नागरी संवादातील विधान साक्षीच्या जातीचे असते. म्हणूनच त्याच्या निनावीपणाचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

इजिप्तचे उदाहरण येथे निर्णायक आहे. ६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियात खालिद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र प्रसृत झाले आणि 'आम्ही सारे खालिद सईद' या नावाचे फेसबुक-पृष्ठ सुरू झाले. त्याचे चालक वाएल गोनिम हे त्या वेळी दुबईत नोकरीस होते. आपले नाव गुप्त ठेवून, प्रमाण अरबीऐवजी इजिप्शियन बोलीत आणि पुष्कळदा जणू खालिदच बोलत आहे अशा प्रथमपुरुषी शैलीत ते लिहीत. चालकाला नाव नसल्यामुळेच वाचणाऱ्याला 'आम्ही सारे' या सर्वनामात शिरता आले. नामधारी नेता असता तर लोक त्याचे अनुयायी झाले असते. येथे ते सहवक्ते झाले. जानेवारी २०११ च्या अखेरीस गोनिम यांना अटक झाली आणि ७ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली. त्याच रात्री दूरचित्रवाणीवर ते देशासमोर आले, तेव्हा निनावी वाणीला उशिरा का होईना, चेहरा लाभला.

तथापि या यशातच एक अडचण दडलेली आहे. मृताच्या मुखातून बोलण्याचा आणि 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तो किती गंभीर आहे, हे २०११ मधील दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवून दिले. दमास्कसमधील एका समलैंगिक तरुणीची म्हणून जगभर वाचली जाणारी अनुदिनी प्रत्यक्षात स्कॉटलंडमध्ये राहणारा एक अमेरिकन पुरुष लिहीत होता, हे त्या वर्षी जूनमध्ये उघड झाले. तत्पूर्वी त्या काल्पनिक तरुणीचे अपहरण झाल्याचे वृत्त पसरले होते आणि तिच्या सुटकेसाठी खरीखुरी माणसे झटू लागली होती. दोन्ही ठिकाणी टोपण आवाज होता, दोन्ही ठिकाणी परकायाप्रवेश होता. मग भेद कशात? गोनिम यांच्या निनावीपणामागे त्यांनाही गाठू शकणारे संकट होते, आणि त्याने त्यांना गाठलेही. दुसऱ्या लेखकाने संकट इतरांच्या वाट्याला ठेवून केवळ त्याचे नाट्य स्वतःकडे घेतले. निनावी वाणीची पहिली कसोटी अशी सांगता येईल : ज्यांच्या वतीने ती बोलते, त्यांच्या जोखमीत तिचा वाटा असला पाहिजे.

दुसरी कसोटी सातत्याची आहे. टोपणनावाने नित्य लिहिणाऱ्याला त्याच्या कालच्या विधानाचा जाब विचारता येतो. ते नाव खोटे असले तरी त्यामागील व्यक्तित्व उत्तरदायी असते. आखाती देशांतील राजकीय चर्चेत सत्तेची भलावण आणि टीकाकारांची निर्भर्त्सना करणाऱ्या खात्यांच्या झुंडींना 'इलेक्ट्रॉनिक माश्या' असे अरबी नाव पडले आहे. ही खातीही निनावी असतात, पण त्यांना काल नसतो. ती उत्तर देत नाहीत. समोरच्याला गप्प करून पांगतात. सत्तेच्या भयाने पांघरलेला निनावीपणा आणि सत्तेच्या आश्रयाने पांघरलेला निनावीपणा बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे निनावीपणाचा सरसकट पुरस्कार जितका भोळा, तितकाच त्याचा सरसकट निषेधही आंधळा ठरतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, या कसोट्या लावावयाच्या तर बोलणारा कोण हे आधी कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी शासनाने नावे मागितली तर त्यात गैर काय? आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु नाव दोन हेतूंनी विचारले जाते : उत्तर मिळावे म्हणून किंवा शिक्षा करता यावी म्हणून. कुवेतमधील दिवाणियात नव्याने आलेल्याला नाव विचारतात, तेव्हा विचारणाराही आपल्या नावानिशी समोर बसलेला असतो. इजिप्तच्या २०१८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेल्या वैयक्तिक खात्यांना माध्यमनियंत्रणाच्या कक्षेत आणले. ट्युनिशियाच्या २०२२ च्या ५४ क्रमांकाच्या अध्यादेशाने 'खोटी वृत्ते' पसरविण्यास पाच वर्षांपर्यंत आणि लक्ष्य सरकारी अधिकारी असल्यास त्याच्या दुप्पट कारावासाची तरतूद केली. २०१९ मध्ये ट्विटरच्या दोन माजी कर्मचाऱ्यांवर सौदी अरेबियासाठी वापरकर्त्यांची माहिती काढल्याचा आरोप अमेरिकेत ठेवण्यात आला. २०२२ मध्ये त्यांपैकी एक दोषी ठरला. यात नाव हवे होते ते संवादासाठी नव्हे. प्रश्न विचारणारा स्वतः पडद्याआड राहून फक्त दुसऱ्याचे नाव मागतो, तेव्हा उत्तरदायित्वाची भाषा उसनी ठरते.

अर्थात, याने निनावी संवादाची मर्यादा नाहीशी होत नाही. भयाविरुद्ध एकत्र येण्यासाठी 'आम्ही सारे' पुरेसे होते. मुबारक पायउतार झाल्यावर कोणती राज्यघटना हवी यावर मतभेद करण्यासाठी ते पुरेसे नव्हते. मतभेदाला 'मी' लागतो, आणि तो 'मी' उद्याही तेथेच भेटेल असा भरवसा लागतो. ज्या माध्यमाने लोकांना एकत्र आणले, त्यानेच पुढे ध्रुवीकरण तीव्र केले, हे गोनिम यांनीच २०१५ मधील एका व्याख्यानात मान्य केले. म्हणजे आरेन्ट आणि फूको यांचे प्रतिमान खोटे ठरत नाही. त्याची पूर्वअट तेवढी उघड होते. आपल्या नावानिशी बोलणे हा सद्गुण खरा, पण तो एकट्या वक्त्याच्या धैर्यातून सिद्ध होत नाही. नाव सांगितल्यावर प्रत्युत्तर येईल, पोलीस येणार नाहीत, एवढी हमी समाजाने दिलेली असावी लागते. ती नाही तेथे टोपणनावाने, पण सातत्याने आणि जोखमीसह बोलणाऱ्याला भेकड म्हणण्याचा अधिकार, स्वतः सुरक्षित असलेल्या वाचकाला पोहोचत नाही.