दुखतंय म्हणेल त्याचं खरं मानू दे

देवा, आज नवस बोलायला आलेलो नाही. कोंबडं आणलेलं नाही, नारळही नाही. नवस म्हटला की देण्याघेण्याचा हिशेब आला आणि तुला देण्याजोगं माझ्यापाशी काही नाही. मागणं मात्र आहे, आणि ते एकच आहे. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जो कुणी ‘दुखतंय’ म्हणेल, त्याचं म्हणणं ऐकणाऱ्याला पहिल्याच खेपेला खरं वाटू दे.

कोणत्या नावाने हाक मारू तुला? वारल्यांच्या पाड्यावर तू हिरवा आहेस, हिमाय आहेस. पावसाचा तू नारनदेव, धान्याची तू कणसरी. शिवेवर लाकडात कोरून उभा केलेला वाघही तूच. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून तू रात्रभर नाचतोस आणि तुझ्यासाठी अख्खं गाव पहाटेपर्यंत जागतं. ज्या नावाने तुला लवकर ऐकू येत असेल, त्या नावाने ऐक.

रक्त वाहताना दिसलं की माणसं धावतात. झाडावरून पडला, साप चावला, कोयता लागला, की कुणीतरी जीप काढतो, कुणीतरी पदरचे पैसे काढतो. बाळंतीण अडली तर तिचंही पोट दिसतं. अर्थात दिसलं म्हणून गाडी वेळेवर येते असं नाही, हे तुला मी सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोटोशी ग्रामपंचायतीतल्या मर्कटवाडीची बाई सातव्या महिन्यात घरीच बाळंत झाली, जुळी लेकरं गेली आणि रस्ता नाही म्हणून रक्तस्रावाने अर्धमेल्या त्या आईला चादरीची झोळी करून निसरड्या वाटेने खांद्यावरून न्यावं लागलं. देश त्या आठवड्यात स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं साजरी करत होता. २०२५ च्या जूनमध्ये जोगलवाडीच्या बाईला कळा सुरू झाल्या, एकशेआठची रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, मग खोडाळा, मोखाडा करत नाशिक गाठेपर्यंत बाळ पोटातच गेलं. बापाने ते पिशवीत घालून एसटीने गावी आणलं. त्या एसटीत शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं, त्याला पिशवीत काय आहे ते कळलं होतं का, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

जे डोळ्यांना दिसतं त्याची ही गत. मग जे दिसतच नाही त्या दुखण्याने कुणाच्या दारात उभं राहायचं?

पलीकडच्या पाड्यात एक पोर आहे. नाव तुला ठाऊक आहे, इथे घेत नाही. तिच्या रक्तात सिकलसेल आहे. पौषात जव्हारची थंडी पडली की तिच्या नडग्या ठणकायला लागतात, मग मांड्या, मग पाठीचा कणा. आई चुलीत वीट तापवते, फडक्यात गुंडाळून शेक देते, तेल चोळते. पोर ओरडत नाही. ओढणीचं टोक तोंडात धरते आणि दोन्ही हातांनी नडगी आवळून बसते. त्या ओढणीला दातांची भोकं पडली आहेत. उजाडल्यावर मिळेल त्या जीपने मायलेकी दवाखान्यात येतात. केसपेपरच्या रांगेत आई उभी, पोर भिंतीला टेकून फरशीवर. आत गेल्यावर विचारतात, ताप आहे का? नाही. सूज? नाही. पडलीस का? नाही. मग होतंय काय? दुखतंय. कुठे? सगळीकडे. ‘सगळीकडे’ हे उत्तर कागदावर लिहायचं कसं, असा प्रश्न समोरच्याला पडतो. अर्धी पट्टी गोळ्या मिळतात आणि चार दिवसांनी या म्हणतात. बाहेर रांगेतल्या एका शहाण्याने तिच्या देखत निकाल देऊन टाकला, शाळा बुडवायची नाटकं आहेत ही. सिकलसेलचं कार्ड आईच्या पिशवीत होतं. कुणी मागितलं नाही, तिने काढलं नाही. आमच्याकडची बाई साहेबाने विचारल्याशिवाय कागद पुढे करत नाही, हे साहेबाला कधी कळणार?

देवा, या आजाराबद्दल तुझ्याशी भांडण आहे माझं. हिवतापाने आमची लेकरं मरू नयेत म्हणून तू रक्ताला हा वाकडेपणा शिकवलास, असं शास्त्र सांगतं. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला तर माणूस नुसता वाहक होतो, सहसा त्रास होत नाही आणि हिवतापाचा जीवघेणा मार त्याला कमी बसतो. दोघांकडून आला की मात्र गोल, लवचिक पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढच्या हाडाला प्राणवायू पोचत नाही आणि ते हाड आतून आक्रोश करतं. म्हणजे चौघं वाचावीत म्हणून एकाला आयुष्यभर दुखत ठेवायचं, असा तुझा व्यवहार. तो तू कुणाला विचारून केलास? अमेरिकेत १९१० साली एका डॉक्टरने या पेशी पहिल्यांदा नोंदवल्या. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या सापडल्या. त्याआधीच्या हजारो रात्री आमची माणसं हे दुखणं नुसतं सोसत आली, आणि त्याला करणी, बाहेरची बाधा, नाही तर आळस म्हणत आली.

आता नाव आहे, तपासणी आहे, रोज घेतल्यावर कळा कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचं अभियान सुरू केलं. संकल्प चांगला आहे, त्याला तुझा आशीर्वाद असू दे. पण या पोरीला आजची रात्र काढायची आहे.

डॉक्टर जो सल्ला देतात तोही ऐक. भरपूर पाणी पी. थंडीवाऱ्यात, ओल्यात जाऊ नको. जड काम करू नको, उन्हातान्हात दमू नको. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात, गारठ्याने वाकतात, थकव्याने वाकतात. पण हा सल्ला मोखाड्यात पाळायचा कसा, ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. जून-जुलैत घरातलं प्रत्येक माणूस आवणीला चिखलात वाकलेलं असतं, आणि पाऊस असा की अंगावरचं कापड चार-चार दिवस वाळत नाही. दिवाळी झाली की बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. पोर मागे ठेवायची तर कुणाजवळ? मग तीही जाते. कार्ड इथलं, औषध इथलं, आणि ती तिथे भट्टीच्या धगीत. गोळ्या संपतात, कळा संपत नाहीत.

आणि पाणी! देवा, पाण्याची गोष्ट तुझ्यासमोर काढताना मला हसू येतं. याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण बांधलं, २०१४ पासून ते मुंबईला दिवसाला सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देतं. पाण्याने डोंगर फोडले, बोगदे ओलांडले, नळ गाठले, वेळ चुकवली नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघतात, नाही तर आटलेल्या विहिरीत पोर उतरवून वाटीवाटीने हंडा भरतात. अशा घरातल्या पोरीला सांगायचं, दिवसाला तीन लिटर पाणी पी. मुंबईच्या पाण्यावर माझा राग नाही. तिथेही माणसंच तहानलेली आहेत. पण पाणी वेळेवर नेता येतं तर आजारी माणूसही नेता येईल, एवढं तरी यातून सिद्ध होतं.

भगताबद्दलही तुझ्यापाशी एक सांगायचं आहे. लोक अडाणी म्हणून भगताकडे जातात, असं शहरातली वर्तमानपत्रं लिहितात. मला ते अर्धवट वाटतं. भगत पाड्यावरच राहतो, मध्यरात्री उठतो, तांदळाचे दाणे टाकतो, नाडी धरतो, आणि सगळ्यात आधी दुखणाऱ्याचं बोलणं खरं मानतो. केसपेपर आहे का म्हणत नाही. त्याच्या हातून पोटावर डाग दिले जातात, दिवस वाया जातात, जीवही जातात, ते मी झाकत नाही. त्याला एवढी बुद्धी दे की छातीत दुखून श्वास लागला, अंग तापलं, डोळे पिवळे झाले, की त्याने दाणे बाजूला ठेवून ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणावं. सिकलसेलमध्ये छातीची कळ हा तासांचा प्रश्न असतो. आणि दवाखान्याला भगताचा दुखणाऱ्याचं खरं मानायचा तेवढा एक गुण दे.

दुखणं थांबवायचं औषध जगात नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनेच्या उपचाराची पायरी-पायरीने चढायची रीत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. औषध जुनं, स्वस्त. पण आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि नशेबाजाच्या भीतीने कपाटाला असं कुलूप बसलं की कॅन्सरचा रोगी तळमळत राहिला. २०१४ मध्ये कायदा सैल केला, तरी डॉक्टरांच्या मनातली भीती अजून गेलेली नाही. जव्हारला मात्र एक चांगली गोष्ट घडली होती, ती तू विसरला नसशील. २०१० नंतरच्या काही वर्षांत लहान मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे आजार बरा होवो न होवो पण दुखणं कमी करण्याचा, जो प्रकल्प महाराष्ट्रात झाला, त्याच्या केंद्रांत मुंबई आणि सोलापूरच्या बरोबरीने जव्हारचं नाव होतं. डोंगरातल्या मुलाचं दुखणं मोजायचं, लिहायचं आणि त्यावर औषध द्यायचं, हे इथे होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं. देवा, एकदा झालेलं काम पुन्हा होऊ दे, आणि प्रकल्पाची मुदत संपली की माणुसकीचीही मुदत संपते असं होऊ देऊ नकोस.

ठाणं लांब पडतं म्हणून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर जवळ आला, हे कबूल. पण मोठी तपासणी, मोठा डॉक्टर म्हटलं की चिठ्ठी अजून नाशिकची, नाही तर सिल्वासाची. कुठेही जायचं तर घाट आहेच. कोरड्या दिवसात तो रस्ता लांब वाटत नाही. ठणकणाऱ्या हाडाला प्रत्येक खड्डा मोजता येतो.

आता ज्यांच्या हातून तू काम करून घेतोस त्यांच्यासाठी मागतो. बाँडवर आलेला तो लातूरकडचा तरुण डॉक्टर, ज्याला पहिल्या पावसातच बदली हवी असते, त्याला राहायला न गळणारी खोली दे, म्हणजे तो राहील. ओढा ओलांडून पाड्यावर जाणाऱ्या सिस्टरच्या पायाखालची वाट शाबूत ठेव. आशाताईला तिचं मानधन महिन्याच्या महिन्याला मिळू दे. रेंज मिळावी म्हणून रात्री टेकाडावर चढून एकशेआठ लावणाऱ्या पोराचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाऊ दे, आणि त्या गाडीच्या ड्रायव्हरला डिझेल, टायर आणि झोप, तिन्ही पुरेशी मिळू दे. रिकाम्या पदांच्या फायलीवर ज्याची सही अडली आहे, त्याची दाढ एक रात्र ठणकू दे. हे मागणं वाईट आहे, मला कळतं. नको असेल तर सोडून दे. पण त्याला वेदना म्हणजे काय ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळेल, ते मला सुचत नाही.

त्या पोरीसाठी चमत्कार मागत नाही. तिचं रक्त बदल म्हणत नाही. रक्त तू एकदा ठरवलंस, आता त्याच्याशी जगायचं ती शिकते आहे. तिला वेळेवर सलाइन, उबदार पांघरूण, पुरेसं दुखण्याचं औषध आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस, एवढं मिळालं की ती पुन्हा शाळेत जाते. गणितात हुशार आहे ती.

पाऊस तोंडावर आला आहे. एकदा ओढे भरले की पाडे तुटतात आणि मग हाक कितीही मोठी दिली तरी अलीकडे येत नाही. म्हणून देवा, त्याच्या आत एवढं कर. उपकेंद्रात रात्री माणूस असू दे, त्याच्या कपाटात औषध असू दे, आणि दारात आलेल्याने ‘दुखतंय’ म्हटलं की पुरावा न मागता आतल्या माणसाला उठून उभं राहू दे.