जक्कयाने मंदिराला काही दिलं नाही

१७ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो नैरोबीतल्या सोवेटो भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेला आले. गायनवृंद आणि मिशन मंडळाला त्यांनी सहा लाख शिलिंग दिले, फादरांच्या घराच्या बांधकामाला वीस लाख दिले, आणखी तीस लाखांचा आणि एका बसचा शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी नैरोबीचे आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी पत्रक काढलं. मिळालेले पैसे परत करायचे, पुढचे घ्यायचे नाहीत, बसही नको.

मी मूळचा वसईचा, निर्मळजवळचा. बरीच वर्षं नैरोबीत हिशेबाची कामं करतो आणि इथल्या आमच्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर आहे. ही बातमी वसईत पोचली तेव्हा चुलतभावाचा फोन आला. ‘‘अरे, चालून आलेले पैसे परत कशाला केले? घर काय फादर स्वतःसाठी बांधतात? पैशाला काय जात असते का?’’ त्याने मनापासून विचारलं होतं. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांबचं आहे. ते इथे लिहितो.

दान घेताना देणाऱ्याचा हात बघावा का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. लोभी आणि शास्त्र मोडून वागणाऱ्या राजाकडून दान घेणाऱ्याला मनुस्मृतीत एकवीस नरक सांगितले आहेत. त्या ग्रंथातल्या पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत, पण इथे शिक्षा घेणाऱ्याला सांगितली आहे याची नोंद घ्यायला हवी. लहानपणी निर्मळच्या यात्रेत कीर्तन कानावर पडायचं. त्यात भीष्माची गोष्ट यायची. शरशय्येवर पडलेले भीष्म धर्म सांगतात आणि द्रौपदी हसते. भर सभेत माझे केस धरून मला ओढत आणलं तेव्हा हा धर्म कुठे होता, असं विचारते. भीष्म म्हणतात, तेव्हा माझ्या अंगात दुर्योधनाचं अन्न होतं. बाणांनी ते रक्त वाहून गेलं, आता बुद्धी मोकळी झाली. आम्ही ख्रिस्ती घरातली मुलं, पण ती गोष्ट मनात बसली. बायबलमध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनी उचलली, पण मंदिराच्या भांडारात टाकली नाहीत, कारण ती रक्ताची किंमत होती. ती नाणी त्यांनीच त्याला दिली होती, तरी ती भांडारात टाकायची त्यांना भीती वाटली.

केनियात देणगीची रीत मोठी आहे. तिला हराम्बे म्हणतात. १९६३ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जोमो केन्याटांनी हीच हाक दिली होती, आणि गावोगावच्या लोकांनी पैसा-श्रम एकत्र करून शाळा आणि दवाखाने उभे केले. त्या पिढीतली माणसं आजही अभिमानाने सांगतात, ही भिंत आमच्या आजीच्या कोंबडीच्या पैशाची आहे. पुढे यात राजकारणी शिरले. आमच्या धर्मग्रामात एकदा एक खासदार आले. मिस्सेतली वाचनं संपत आली होती. पुढच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना उठवून मागे नेलं. शेवटच्या आशीर्वादाआधी माईक खासदारांच्या हातात गेला. गायनवृंदाला काय हवं, त्यांनी विचारलं. नवे झगे हवे होते. अंगरक्षकाच्या हातातल्या पाकिटातून नोटा निघाल्या, वेदीसमोर मोजल्या गेल्या. बायकांनी जिभा हलवून आनंदाची ललकारी दिली. मी पावती फाडली. देणाऱ्याचं नाव, रक्कम, कशासाठी, एवढेच रकाने तिच्यात असतात.

त्याच रविवारच्या थैल्या नंतर आम्ही टेबलावर ओतल्या. नेहमीप्रमाणे सर्वांत मोठा ढीग वीस शिलिंगच्या नाण्यांचा होता. ती नाणी चर्चच्या फाटकाबाहेर सुकुमाची भाजी विकणाऱ्या बायकांची, पहारेकऱ्यांची, मोलकरणींची. त्यांच्यासाठी कोणी ललकारी देत नाही. खासदाराचा पगार इथे महिन्याला सात लाख शिलिंगांच्या घरात असतो, आणि काही जण एका शनिवार-रविवारात त्याहून जास्त वाटतात. ही वजाबाकी करायला हिशेबनीस लागत नाही.

हे पैसे कुठून येतात याचा इतिहास केनियातल्या माणसाला तोंडपाठ आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोल्डनबर्ग प्रकरण झालं. सोन्या-हिऱ्यांच्या निर्यातीबद्दल सरकारी तिजोरीतून भरपाई दिली गेली, आणि या देशात हिरे निघत नाहीत, सोनं तेव्हा नावापुरतं निघायचं. त्यानंतर अँग्लो लीझिंग. अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांना पासपोर्ट छपाईसारखी कंत्राटं गेली. भ्रष्टाचार शोधायला नेमलेले जॉन गिथोंगो यांना २००५ साली लंडनला जाऊन तिथून राजीनामा पाठवावा लागला. २०२१ च्या जानेवारीत तर खुद्द त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा मुलाखतीत म्हणाले की सरकारातून रोज दोन अब्ज शिलिंग चोरीला जातात. बोलले, आणि कारभार पुढे चालू राहिला.

मग २०२४ चं वित्त विधेयक आलं. ३४६ अब्ज शिलिंगांचा जादा महसूल हवा होता. ब्रेडवर १६ टक्के कर, खाद्यतेलावर कर, मोटारीवर दर वर्षी तिच्या किमतीच्या अडीच टक्के कर, असे प्रस्ताव होते. त्याच अंदाजपत्रकात राष्ट्राध्यक्षांच्या आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नींच्या कार्यालयांसाठीही तरतूद होती. विशीतली मुलं रस्त्यावर आली. ना पक्ष, ना नेता, ना जमात. ब्रेडचा कर सरकारने मागे घेतला तरी ती घरी गेली नाहीत. २५ जूनला संसदेने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक मंजूर केलं, मुलं संसदेत घुसली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. त्या आंदोलनात सुमारे साठ माणसं गेल्याची नोंद केनियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केली आहे.

या मुलांचा राग चर्चपर्यंत पोचला, आणि माझ्या मते त्या वर्षातली धर्माच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना तीच होती. त्या दिवसांत काही चर्चमध्ये राजकारण्यांना बोलू दिलं गेलं नाही. आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत गायनवृंदातला एक मुलगा उभा राहिला. शांत, तेनोर गाणारा, एरवी मान खाली घालून बसणारा. फादरांनी तरुणांना संयमाचं आवाहन केलं होतं. तो म्हणाला, ‘‘फादर, आम्हाला शांत राहा सांगता. बरोबर आहे. पण आमचा झगा कोणाच्या पैशाचा आहे ते आधी सांगा. माझी आई ब्रेडवर कर भरणार, तो पैसा एक माणूस घेणार, त्यातला थोडा आम्हाला देणार, आणि आम्ही त्याच्यासाठी गाणार?’’ कोणी काही बोललं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘अंकल, तुम्ही हिशेब ठेवता. तुम्ही सांगा.’’

त्या मुलाने जे विचारलं ते तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विचारलं होतं. वाममार्गाने मिळवलेल्या संपत्तीतून दान देता येतं का? त्यांनी फार बारकाईने विभागणी केली आहे. काही कमाई लाजिरवाण्या कामाची असते, पण ती मिळवणाऱ्याचीच असते. त्यातून दान चालतं. जी संपत्ती दुसऱ्याची आहे, चोरून किंवा ओरबाडून घेतली आहे, तिचं दान होत नाही. ती मूळ मालकाला परत करायची असते. माझ्या भावाच्या ‘पैशाला काय जात असते का’ याला माझं उत्तर इथे आहे. जात नसते, मालक असतो. नोट कोणत्या हातातून आली याने ती विटाळत नाही. कोणाची आहे एवढाच प्रश्न आहे.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला. यरीहोचा जकातदार जक्कय झाडावर चढून बसला होता, त्याने पश्चात्तापाचा एक शब्द उच्चारण्याआधी येशू म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. मग आर्चबिशप येशूहून सोवळे कुठून झाले? एका फादरांनी मला हाच दाखला दिला, आणि मी बरेच दिवस त्यावर विचार केला. लूकच्या शुभवर्तमानातला तो भाग पुन्हा वाचा. जक्कय काय देतो? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. मंदिराला, याजकांना, सभास्थानाच्या छपराला तो काही देत नाही. येशूलाही देत नाही. येशू त्याच्याकडे उतरला, पण त्याच्या पैशाची पावती त्याने फाडली नाही. तारण या घरी आलं, असं येशू म्हणतो ते परतफेडीचा शब्द ऐकल्यावर. केनियातल्या नेत्यांनी चर्चमध्ये जरूर यावं, मागच्या बाकावर बसावं, गुडघे टेकावेत. दार कोणालाच बंद नसतं. चौपटीचा हिशेब मात्र त्यांना भाजीवाल्या बाईकडे द्यायचा आहे, फादरांकडे नाही.

मी कोणा एकाला चोर ठरवत नाही. तो अधिकार न्यायालयाचा. रुटो यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या आवारात मोठं चर्च बांधण्याची योजना २०२५ च्या जुलैमध्ये उघड झाल्यावर सांगितलं की खर्च स्वतःच्या खिशातून होईल. तो खिसा ज्याचा असेल त्याचा असो. पण ज्याच्या सहीने देशाची तिजोरी उघडते त्याने वेदीसमोर पाकीट उघडलं तर त्यात काय आहे आणि ते कुठून आलं, हे सांगण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. खासगी माणसाला हे न सांगण्याची सवलत आहे, त्याला नाही. रुटो यांनी स्वतःच ५ जुलै २०२४ ला, मुलं मेल्यानंतर, जाहीर केलं होतं की यापुढे सरकारी पदाधिकारी हराम्बेत भाग घेणार नाहीत. नोव्हेंबरात ते सोवेटोला गेले. मार्च २०२५ मध्ये रोयसाम्बू इथल्या एका चर्चला दोन कोटी शिलिंग दिले. पुढच्या रविवारी त्या चर्चबाहेर तरुण जमले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

अशा दानातली खरी हानी मला पैशाच्या पलीकडे दिसते. सोवेटोच्या भेटीच्या तीन दिवस आधी, १४ नोव्हेंबरला, केनियाच्या कॅथलिक बिशपांनी सरकारवर खोटं बोलण्याची संस्कृती रुजवल्याचा आरोप केला होता. त्या काळात जुन्या सरकारी आरोग्य विम्याकडे कॅथलिक रुग्णालयांचे अब्जावधी शिलिंग थकले होते. म्हणजे सरकार या चर्चचं देणेकरी होतं. पैसे ठेवून घेतले असते, तर देणेकऱ्याने येऊन थकबाकीतला कणभर भाग भेट म्हणून दिल्यासारखं झालं असतं, आणि धनकोने उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. ज्याचं येणं आहे तो उपकाराखाली जातो, भाजीवाली बाई आपल्याच करासाठी ललकारी देते, आणि पुढच्या रविवारी प्रवचन देणाऱ्याच्या तोंडात भीष्माचा घास असतो. माणसाचं मालकपण त्याच्याकडून काढून घेऊन त्यालाच आभार मानायला लावणं, हे चोरीहून मोठं पाप आहे असं मला वाटतं.

आफ्रिकेतला हा राग म्हणजे महागाईचा उद्रेक, असं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वाचलं. तेवढाच असता तर ब्रेडचा कर गेल्यावर विझला असता. ती मुलं मालकी मागत होती. रागाला आमच्या प्रवचनांत नेहमी पापांच्या यादीत बसवलं जातं, पण या रागाने बिशपांना त्यांचंच धर्मशास्त्र आठवून दिलं. अँग्लिकन आर्चबिशप जॅक्सन ओले सापिट यांनी २०२१ मध्येच त्यांच्या चर्चमध्ये राजकारण्यांना व्यासपीठ बंद केलं होतं, हे त्यांच्या श्रेयात नोंदवलं पाहिजे. इतर बहुतेकांना रस्त्यावर रक्त सांडल्यावर जाग आली.

अन्योलो यांचा निर्णय मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो अर्धाच आहे. पैसे देणाऱ्याकडे परत गेले, म्हणजे देणाराच मालक असं आपण मान्य केलं. पैसे परत करताना सोबत पत्र जायला हवं होतं: हे पैसे तुमचे असतील तर कसे मिळाले ते जाहीर करा, जनतेचे असतील तर राष्ट्रीय तिजोरीत भरा आणि चलनाची प्रत आमच्या सूचनाफलकावर लावायला पाठवा.

आमच्या अर्थसमितीपुढे मी एक मागणी ठेवली आहे, आणि वसईतल्या, मुंबईतल्या, चर्चच्या, देवळाच्या, मंडळाच्या प्रत्येक खजिनदाराला हात जोडून तीच विनंती करतो. पावतीपुस्तक नव्याने छापाल तेव्हा त्यात एक रकाना वाढवा: पैसे कुठून आले. वीस शिलिंग टाकणाऱ्या बाईला तो भरायला लावू नका. सत्तेतल्या माणसाला भरायला लावा, आणि त्याने रिकामा सोडला तर पावती फाडू नका.