वाघ उठवणारा

आमच्या वर्गातल्या एकाच्या नातीचं लग्न पुण्यात होतं. अकराच्या आत अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आम्ही चौघं गावाकडचे दोस्त मोकळे झालो. एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक मास्तर, एक अडीच वर्षं सरपंच झालेला (आम्ही अजून त्याला सरपंचच म्हणतो) आणि मी. कंडक्टर म्हणाला, "आरं, तीस वरसं स्वारगेटला उतारू उतरवले, पर हाकंच्या अंतरावरचं पेशवे पार्क काय परत बघितलं न्हाई. चला की."

चला म्हणालो. माझ्या पोटात मात्र लहान पोरासारखी गंमत व्हायला लागली होती.

चौथीत असताना, १९७१ साली, गुरुजींनी आमची सहल तिथं नेली होती. सासवडहून एसटी, दिवे घाटात निम्म्या पोरांनी ओकाऱ्या काढल्या. फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पार्कात हत्तीण पाहिली. फुलराणीत बसलो. खऱ्या रेल्वेत बसायच्या आधी आम्ही त्या पोरांच्या रेल्वेत बसलो. आणि वाघ पाहिला.

वाघ पाठ करून झोपला होता. पिंजरा आमच्या गोठ्याएवढा असेल नसेल. पुढं गज, खाली फरशी. पोरं हिरमुसली. मी वाटेवरचा खडा उचलला आणि गजांमधनं मारला. नेम माझा चांगला होता, पाखरं राखून राखून झालेला. खडा मांडीवर बसला. वाघ उठला, वळला, आणि असा गरजला की आमच्या वर्गासकट शे-दीडशे माणूस मागं सरलं. मग हसणं, टाळ्या. गुरुजींनी कान पिळला, पण पिळताना त्यांच्याही मिशीत हसू होतं.

तेव्हापासून गावात मी वाघ उठवणारा. लग्नात, जत्रेत, मळणीच्या रात्री ही गोष्ट मी किती वेळा सांगितली त्याला हिशेब नाही. पोरांना सांगितली, आता नातवाला सांगतो. दहावीच्या पुढं शिकता आलं नाही, घरचं पाणी आटलं, तरी माझ्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट होती.

पार्कात गेलो तर पिंजरे नाहीत. खेळणी आहेत, झाडं आहेत, फुलराणी आहे. ती १९५६ पासूनची, म्हणजे आमच्यापेक्षाही वयानं थोरली. जनावरं कात्रजला नेली. तिथलं प्राणिसंग्रहालय १९९९ साली लोकांना उघडलं आणि २००५ पर्यंत इथलं बंदच झालं. मास्तरांनी सांगितलं की पार्क १९५३ चा, महापालिकेचा. पण त्याच्याही आधी सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी जनावरं पाळलेली. म्हणजे ह्या टापूत माणसं किती पिढ्या जनावरं बघत आली, बघा.

कंडक्टर म्हणाला, "वाघाला भेटल्याशिवाय जायचं न्हाई." कात्रजची बस धरली. बुधवार नव्हता ते बरं, बुधवारी तिथं सुट्टी असते.

तिथली तऱ्हा वेगळी. एकशे तीस एकराचं रान, त्यात कात्रजचं तळं. वाघाला मोकळी जागा, झाडी, आणि मधे खंदक. आम्ही कठड्याला रेलून अर्धा तास उभे. वाघ काही दिसेना. झुडपात असेल, सावलीला पडला असेल. सरपंच तिकिटाचे पैसे मोजायला लागला. मागं एक पोरगं बापाला विचारत होतं, "बाबा, वाघ का येत नाही?" बाप म्हणाला, "त्याला यायचं नसेल."

कंडक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली. "आता काय बघतुयास? उठीव की!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या बापानं सहज म्हटलेलं मला लागलं. पेशवे पार्कातल्या त्या वाघाला यायचं नव्हतं. त्याच्याजवळ आमच्याकडं पाठ करण्याएवढीच काय ती सोय होती, आणि तीसुद्धा मी खड्यानं काढून घेतली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट ती हीच.

तळ्याकाठी बसल्यावर हे बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "अहो, दहा वर्षांच्या पोरानं मारलेला खडा तो. आणि तुम्ही बैलांना वेसण घालता, तेव्हा कुठं जातो हा कळवळा?"

बोलणं खोटं नव्हतं. माझ्या दावणीला आजही एक जोडी आहे. बैल टोचतात, बडवतात. कसं बडवतात ते शहरातल्या वाचकाला सांगत बसत नाही. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. तेव्हा दावं चांगलं आणि गज वाईट, असं म्हणून सुटायला मी तयार नाही.

पण मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. सहलीच्या पुढचंच साल. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही सुकडी खायचो. वैरण संपली तेव्हा वडिलांनी म्हाताऱ्या गाईचं दावं सोडलं आणि तिला डोंगराकडं हाकललं. "जा बाई, पाला मिळंल तिकडं जा." दिवस मावळता गाय परत येऊन आपल्या खुंट्यापाशी उभी. वडील तिच्याकडं बघत नव्हते. रात्री त्यांनी छपराचं जुनं गवत ओढून तिच्यापुढं टाकलं. आमच्या डोक्यावर चांदण्या दिसायला लागल्या. गाय पुढं आठच दिवस जगली.

बांधलं की देणं लागतं, हे मी तिथं शिकलो. वाघाला बांधणारेही त्याला मांस घालत होते, फरशी धूत होते. त्यांचं देणं ते आपल्या परीनं फेडत असतील. मी मात्र नुसता बघणारा. बघणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. तो तिकीट काढतो, खडा मारतो, टाळ्या घेतो आणि एसटीत बसून घरी जातो. माझी गफलत मला तिथं दिसते, वेसणीत तेवढी दिसत नाही. मास्तरांना हे पटलं नाही. "बघितलं नसतं तर वाघ तुम्हाला चित्रातलाच राहिला असता," ते म्हणाले.

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. चार वर्षांमागं माळावरच्या लांडग्यानं माझी शेळी नेली. शेजारी म्हणाले, उरलेल्या मढ्यात औषध घालू, सगळा कळप संपंल. मी घालू दिलं नाही. भांडण झालं, एक घर अजून बोलत नाही. त्या वेळी माझ्यापुढं उभा होता तो गजाआडचा वाघ. वळून माझ्याकडं बघितलं तेव्हाचे त्याचे डोळे. खडा मारला नसता तर ते डोळे मला दिसले नसते. आता ह्याचा हिशेब कसा मांडायचा? त्याला दुखवून मला जे मिळालं ते टाकून द्यावं, तर लांडगे मेले असते. ठेवावं, तर पुन्हा कधी टाळ्या घेत सांगता येणार नाही.

सरपंच म्हणाला, "लई इचार करतुयास गड्या. च्या घेऊ चल."

घरी पोचायला रात्र झाली. नातू जागा होता.

"आबा, वाघ दिसला?"

"न्हाई रं. झोपला होता."

"मग तुम्ही उठीवला न्हाई?"

"बैलांना वैरण टाकून येतो," मी म्हणालो, "मग सांगतो तुला."