गुळवेलीचा डबा काढून ठेवलाय

सोन्या,

तुझ्या आईने भरलेलं खोकं काल माझ्याकडे पोचलं. शनिवारी शेजारच्यांचा मुलगा म्युनिकला निघतोय, त्याच्याबरोबर देते. मेतकूट, भाजणी, फणसाची साठं, सगळं जसंच्या तसं आहे. फक्त गुळवेलीच्या चूर्णाचा डबा मी काढून घेतलाय. ताई फोनवर माझी तक्रार करेल, ती ऐकून घे. पण माझंही ऐक, बाळा.

2020 साली घरोघरी काढे उकळत होते, आठवतंय ना? आमची गुळवेल तर परसातल्या कडुलिंबावर चढलेली, म्हणजे सगळ्यात गुणाची! बोटभर कांडं ठेचायचं, पाणी निम्मं होईस्तोवर आटवायचं आणि नाक दाबून प्यायचं. तीन महिने घेतलं. त्यात माझी संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्याला एकदा चालूच. ती लिव्हरला त्रास देऊ शकते म्हणून रक्त तपासत राहायचं, ते टाळेबंदीत राहून गेलं. दिवाळीत तळणाचा वास नकोसा झाला, अंगाला खाज सुटली. मी म्हटलं, संधिवाताचाच थकवा. अंगणात चकलीचा सोऱ्या धूत होते, तेव्हा ताईनेच पाहिलं, "अगं, तुझे डोळे पिवळे दिसतायत." रक्त तपासलं. लिव्हरचं एसजीपीटी साधारण चाळीसच्या आत असावं, माझं सहाशेच्या वर निघालं.

डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? मी ठणकावून सांगितलं, काही नाही. खोटं नव्हते बोलत रे. काढा म्हणजे औषध, हे डोक्यातच आलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे, लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण सापडले होते. 2021 मध्ये ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, दुसऱ्याच वेलीशी गफलत झाली असेल म्हणाले. पुढे देशभरातल्या डॉक्टरांनी अशाच 43 रुग्णांची नोंद केली. कोण बरोबर, यावर भांडायला मी शिकलेली नाही. एवढं मात्र कळलं की गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते, आणि आपल्या दोघांची ती आधीच नको तेवढी जागी आहे. माझी सांध्यांवर धावते, तुझ्या एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये) ती मज्जातंतूंच्या वेष्टणावर. तिला आणखी चेव आणायचा कशाला? लिव्हरवर उठली तर?

तुझी टेरिफ्लुनोमाइडची गोळीही लिव्हरच्या बाबतीत नाजूकच. म्हणून तर पहिले सहा महिने दर महिन्याला रक्त तपासतात. ती बंद केली तरी अंगातून जायला महिनोन्‌महिने लागतात. लवकर काढायची तर त्यासाठी वेगळी पूड घ्यावी लागते. तेव्हा या महिन्यात कामं आहेत, तपासणीचं पुढच्या महिन्यात बघू, असं चालणार नाही. एमएस उसळल्यावर सलाइनमधून स्टिरॉइड देतात ना, त्यानेही काहींचं लिव्हर काही आठवड्यांनी बिघडतं. सलाइन संपली म्हणजे सुटलो, असं नाही.

मला खरी भीती तुझ्या थकव्याची वाटते. तू सगळं एमएसच्या खात्यावर टाकतोस, जसं मी संधिवाताच्या टाकलं. पण जेवण नको वाटलं, लघवी चहासारखी गडद झाली, खाज सुटली, तर वाट पाहू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आणि जे पोटात जाईल ते त्यांना सांग. अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, जिमवाल्या मित्राची पावडर, डोकं दुखलं म्हणून घेतलेली पॅरासिटामॉल, सगळं. बिअरसुद्धा. म्युनिकात राहून तू पीत नाहीस, हे मी मानायला तयार आहे, डॉक्टर नसतील! वरणातली हळद बिनधास्त खा, तिच्याशी भांडण नाही.

मी आता बरी आहे. काढा थांबवला, गोळीही काही दिवस बंद ठेवली होती, चार महिन्यांत आकडे खाली आले. वेल अजून कडुलिंबावर आहे. काढून टाकवत नाही, खारीने त्यात घरटं केलंय.

दर महिन्याचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. माझ्या एसजीपीटीच्या वहीत तुझ्यासाठी शेजारी रकाना आखलाय. मार्चचा आणि एप्रिलचा कोरा आहे.

तुझी,
मावशी