हौशी खेळाडू आणि तिसऱ्याचे मौन

'हौस' हा शब्द मराठीने किती निर्मळ राखला आहे, याची जाणीव हिंदी भाषिकांच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या आपल्यासारख्यांना विशेषत्वाने होते. अरबी-फारसीतला 'हवस' हिंदीत वासनेच्या अर्थाला जाऊन चिकटला. मराठीत मात्र तोच शब्द 'हौस' होऊन डोहाळजेवणात, लग्नकार्यात आणि रंगभूमीवर रमला. हौशी नट म्हणजे पोटासाठी नव्हे, तर आवडीसाठी तोंडाला रंग लावणारा. इंग्रजीतील 'ॲमॅच्युअर' या शब्दाचे मूळही लॅटिनमधील प्रेमवाचक धातूतच आहे. एकाच शब्दाच्या पोटी एका भाषेत निरागस आवड आणि दुसरीत वासना निपजावी, हा भाषेचा केवळ योगायोग. परंतु संघटित क्रीडाक्षेत्रात गेल्या काही दशकांत जे उघडकीस आले आहे, ते वाचताना हा योगायोग मनातून जाता जात नाही.

प्रेमापोटी खेळणाऱ्या मुलाची स्थिती नीट पाहिली पाहिजे. गिरणीतला कामगार किंवा कचेरीतला कारकून यांच्यापाशी करार असतो, वेतन असते, कधी संघटनाही असते. अन्याय झाला तर 'नोकरी सोडतो' असे म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये हे खरे. पण तसे म्हटले तरी सोडायची असते ती नोकरी. हौशी खेळाडूला यातले काहीच नसते. त्याला बांधून ठेवते ती त्याची आवड. संघात निवड कोणाची करायची, शिबिराला कोणाला बोलवायचे, कोणाचा अर्ज पुढे पाठवायचा, हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती त्या आवडीची किल्ली असते. 'पटत नसेल तर खेळ सोड' हा सल्ला अशा मुलीला देणे म्हणजे तिच्याजवळचे सर्वस्व टाकून दे असे सांगणे होय. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून पहाटे उठून जे मिळविले, ते तिने टाकावे. आणि ज्याने अपराध केला, त्याने मैदानातच राहावे. आपल्या नेहमीच्या न्यायकल्पनेत तक्रारीची किंमत पीडितेने मोजावी असे गृहीत असते. हौशी खेळात ही किंमत सर्वांत जड होते, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

या प्रश्नावर जगात सर्वाधिक चर्चिला गेलेला कायदा अमेरिकेतला आहे आणि तो एका भीषण प्रकरणातून जन्मला. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर हा मिशिगन स्टेट विद्यापीठातही नोकरीस होता. उपचाराच्या मिषाने त्याने वर्षानुवर्षे शेकडो मुलींवर लैंगिक अत्याचार केले. २०१४ मध्ये विद्यापीठाने एका तक्रारीची चौकशी केली खरी. परंतु ज्या तज्ज्ञांचे मत घेतले ते त्याच विद्यापीठाशी संबंधित होते, आणि हा वैद्यकीय उपचारच आहे असा निर्वाळा मिळाला. जुलै २०१५ मध्ये जिम्नॅस्टिक्स संघटनेने एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेला कळविले. तेथेही कागद पडून राहिला. पुढे २०२१ च्या जुलैत त्या देशाच्या न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, त्यानुसार या दिरंगाईच्या वर्षभरात आणखी सुमारे ७० वा त्याहून अधिक खेळाडू त्याच्या हाती सापडल्या. २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका वृत्तपत्राने संघटनेच्या कारभारावर लिहिले, ते वाचून रेचल डेनहॉलंडर ही पूर्वीची जिम्नॅस्ट नाव उघड करून पुढे आली, आणि मग बांध फुटला. जानेवारी २०१८ मध्ये नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, तत्पूर्वी सात दिवस दीडशेहून अधिक स्त्रिया व मुली न्यायालयात एकामागून एक उभ्या राहून बोलल्या.

या साऱ्या हकिकतीत नासरविषयी विचार करण्यासारखे फारसे नाही. विकृत माणसे सर्व क्षेत्रांत असतात. विचार करायचा तो उरलेल्यांचा: प्रशिक्षक, व्यवस्थापक, सचिव, सहकारी डॉक्टर, अधिकारी. यांतील बहुतेक जण आपल्या घरी सज्जनच असावेत. त्यांना काही ना काही कानावर आले होते, आणि त्यांनी ते कानाबाहेर जाऊ दिले.

येथे एकलव्याची कथा आठवते. आपण ती नेहमी द्रोण आणि एकलव्य या दोघांची म्हणून सांगतो. गुरूने न शिकविता दक्षिणा मागितली आणि शिष्याने न कुरकुरता दिली, या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच द्रोणाच्या नावाने १९८५ पासून आपण उत्तम प्रशिक्षकांना पुरस्कार देतो, यावरही टोमणे मारून झाले आहेत. परंतु त्या अरण्यात तिसराही एक माणूस होता. एकलव्याच्या कौशल्याने अस्वस्थ झालेला अर्जुन द्रोणांसोबत तेथे गेला होता. अंगठा तुटला तेव्हा तो काही बोलला नाही. उलट त्याच्या मनाचा ताप उतरला, असे महाभारतकार कसलीही टिप्पणी न करता नोंदवून पुढे जातात. अर्जुनाने अपराध केला असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. त्याने फक्त पाहिले, आणि जे झाले ते त्याच्या सोयीचे होते. क्रीडासंघटनांतील मौन बहुधा याच जातीचे असते. पदके येत असतात, अनुदान येत असते, संघाचे नाव होत असते. मग कोणाचा अंगठा गेला हे पाहण्याची निकड कोणाला वाटावी?

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमलात आलेल्या अमेरिकी कायद्याचे नैतिक वेगळेपण मला येथे दिसते. तो कायदा प्रामुख्याने अर्जुनाशी बोलतो. १९७८ च्या हौशी क्रीडा कायद्याने तेथील संघटनांना अधिकार दिले होते. या कायद्याने त्यांच्यावर कर्तव्य लादले. संघटनेच्या वतीने अल्पवयीन खेळाडूंशी संबंध येणाऱ्या प्रौढाला अत्याचाराची शंका येण्याजोगी माहिती मिळाली, तर त्याने २४ तासांत ती कळविलीच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा. तक्रार करणाऱ्यावर सूड उगविण्यास मनाई. आणि प्रौढ व मूल एकटे असण्याचे प्रसंग मर्यादित करावेत. असलेच तर ते इतरांना दिसेल आणि मध्येच थांबविता येईल अशा अंतरावर असावेत. तक्रारींची चौकशी करण्यासाठी 'सेफस्पोर्ट' नावाचे स्वतंत्र केंद्र २०१७ मध्येच सुरू झाले होते, त्याला या कायद्याने अधिष्ठान दिले. २०२० च्या पुढच्या कायद्याने ऑलिंपिक समितीने या केंद्राला दरवर्षी २ कोटी डॉलर द्यावेत असे बंधन घातले.

'दिसेल आणि थांबविता येईल अशा अंतरावर' हे शब्द वाचले की आपल्याकडील अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये फूटपट्टी ठेवायची काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. तालमीत वस्तादाचा हात पठ्ठ्याच्या अंगाला लागल्यावाचून डाव शिकविता येत नाही. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला आपले उस्ताद जुम्मादादा यांचे नाव दिले. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूचे नाव आयुष्यभराच्या कार्यावर कोरावे, हे ज्या विश्वासातून घडते तो विश्वास कायद्याच्या कलमांतून निर्माण होत नाही.

तथापि या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे: विश्वास म्हणजे परीक्षेचा अभाव. आपली परंपरा तसे म्हणत नाही. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांसाठी स्वतंत्र समास खर्ची घातला आहे आणि कोणते गुरू टाकून द्यावेत हे त्यात रोखठोक सांगितले आहे. गुरूची पारख करणे हा तेथे शिष्याचा अधिकार आहे. अडचण अशी की हा अधिकार बजावायला शिष्य प्रौढ लागतो. नऊ वर्षांची मुलगी प्रशिक्षकाची पारख काय करणार? 'उपचार असाच असतो' असे डॉक्टर सांगेल ते ती खरे मानते. ज्याला नाही म्हणण्याची शक्ती नाही, त्याच्या होकाराला आपण विश्वास म्हणू नये. तो निरुपाय असतो. तेव्हा तिच्या वतीने पारख करणारी नजर बाहेरून आणावी लागते, आणि उघड्या दाराचा नियम हे करतो. चांगल्या वस्तादाला तालमीचे दार उघडे असल्याने काय अडते?

मात्र नजरेवरही किती विसंबावे? नासर प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील असा, की काही वेळा मुलीची आई त्याच खोलीत उपस्थित होती. अंगावर चादर आणि मध्ये स्वतः उभा राहून तो आईची दृष्टी अडवी. अंतर कायद्याला हवे तेवढेच होते, दारही बंद असून नसल्यासारखे. तरी दिसले नाही. मोठ्या डॉक्टरच्या हाताबद्दल शंका घेण्याची मुभाच आपल्याला नाही, असे मनाला वाटत असेल तर डोळे काय करणार? ही मुभा कायदा काही अंशी देतो, असे मला वाटते. शंका घेणे हे कृतघ्नपणाचे नसून नेमून दिलेले काम आहे, एवढे तरी तो सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. शंकेवरून कळविलेच पाहिजे, असे म्हटले की कधी निरपराध प्रशिक्षकाचेही नाव जाणार. कळविणे म्हणजे निकाल नव्हे, हे कायद्याला ठाऊक असते, गावाला नसते. एकदा कुजबुज सुरू झाली की निर्दोष ठरल्याची बातमी तिच्यामागून लंगडत येते. चौकशी जलद व्हावी आणि ती संघटनेबाहेरच्यांनी करावी, एवढाच यावर उपाय मला सुचतो. पण हे बाहेरचे तरी कसे असतील? सेफस्पोर्ट केंद्राने तपासासाठी नेमलेल्या एका माजी पोलिसालाच पुढे अटक झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. ही किंमत शून्यावर येईल असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दोन्ही किमती समोरासमोर ठेवल्या, तर प्रौढ माणसाने काही महिने चौकशीला तोंड देणे आणि मुलाने आयुष्यभर गप्प राहणे, यांत तराजू कोठे झुकतो हे मला स्पष्ट दिसते.

हे सारे अमेरिकेचे. आपले काय, असे कोणी विचारील. आपल्याकडील गोष्ट अधिक जुनी आहे. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे १४ वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. करणारा राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही होता. मुलीला शाळेतून काढले गेले, तिच्या भावावर खटले लादले गेले. १९९३ च्या डिसेंबरात तिने जीवन संपविले. तो अधिकारी पुढे राज्याचा पोलीस महासंचालक झाला. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले आणि शिक्षा दिली ती सहा महिन्यांची. अपिलात ती दीड वर्ष झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या मुदतीवर ती थांबविली.

या प्रकरणातही तिसरा माणूस होता. त्या मुलीची मैत्रीण घटनेच्या वेळी तेथे पोचली होती. तिने पाहिलेले सांगितले, आणि तिच्या आईवडिलांनी, ज्यांची स्वतःची मुलगी सुखरूप होती, १९ वर्षे तो खटला लावून धरला. त्यांना तसे करायला भाग पाडणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. गप्प बसले असते तर कोणी नाव ठेवले नसते.

जे त्या कुटुंबाने आपखुशीने केले, ते २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याने सर्वांचे कर्तव्य केले. त्याचे १९ वे कलम अमेरिकी तरतुदीहून व्यापक आहे. ते केवळ क्रीडासंघटकांना नव्हे, कोणत्याही व्यक्तीला लागू होते, आणि माहिती असून न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कारावास सांगितला आहे. प्रौढ स्त्री-खेळाडूंसाठी २०१३ चा कायदा आहे, त्याने क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांनाही 'कामाचे ठिकाण' मानले. कागद परिपूर्ण होता. तरी २०२३ च्या जानेवारीत नामांकित महिला कुस्तीगीर आपल्या महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध आरोप घेऊन जंतरमंतरवर बसल्या, आणि गुन्हा नोंदला जाण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. अध्यक्षांनी आरोप नाकारले आहेत. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित केले, तर अल्पवयीन तक्रारदाराच्या संदर्भातील पोक्सो प्रकरण मे २०२५ मध्ये बंद झाले. निवाडा न्यायालयाचा. पण मे २०२३ मध्ये त्या मुली आपली पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या, याचा अर्थ लावायला न्यायालय लागत नाही. हौशी खेळाडूपाशी तेवढीच मालमत्ता असते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साक्षी मलिकने पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. खेळ सोडला तो पुन्हा तक्रार करणारीनेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण, तक्रारनिवारण आणि स्वतंत्र न्यायाधिकरण यांची तरतूद केली आहे. हे राष्ट्रीय संघटनांपुरते झाले. मुलाची खेळाशी पहिली ओळख मात्र होते ती शाळेच्या मैदानावर, उन्हाळी शिबिरात, गल्लीतल्या व्यायामशाळेत, जेथे मासिक फी घेणारा एकच प्रशिक्षक असतो आणि समिती, धोरण हे शब्द कोणी ऐकलेले नसतात. तेथे तिसरा माणूस म्हणजे मैदानाचा रखवालदार, मुलांना आणणारा-नेणारा रिक्षावाला, शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या बाई, बाकावर बसून वाट पाहणारी दुसऱ्या मुलाची आई. १९ वे कलम या सर्वांना आजच लागू आहे. त्यांना ते कोणी सांगितले आहे काय, हे आपापल्या गावच्या व्यायामशाळेत एकदा विचारून पाहावे.