कुरवपूरच्या काठावरचा मुलगा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की घरोघरी गुरुचरित्राची पोथी बासनातून बाहेर येते. सात दिवसांचा सप्ताह, सोवळे-ओवळे, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा आणि हातावर सुंठवडा. पोथीचा आठवा अध्याय आपण दर वर्षी वाचतो आणि शनिप्रदोषाचे माहात्म्य म्हणून पुढे जातो. यंदा त्या अध्यायातल्या मुलाजवळ थोडे थांबू या. कारण ते पोर आज आपल्याच घरात, शेजारच्या खोलीत, मोबाईल घेऊन बसलेले असू शकते.

कथा आपल्याला ठाऊक आहेच. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाच्या पोटी एकच मुलगा राहिला, तोही मंदबुद्धी. त्या दुःखात वडील गेले. अंबिका भिक्षा मागून त्याला वाढवू लागली. गावातली माणसे त्या पोराला हिणवायची. बाप केवढा विद्वान आणि पोटी हा दगड! भीक मागायला लाज कशी वाटत नाही? रोज तेच बोल. शेवटी मुलाचा जीव विटला आणि तो प्राण द्यायला निघाला. आईलाही जगण्यात अर्थ वाटेना, तीही निघाली. दोघे कुरवपूरला कृष्णेच्या काठी आली, तर तिथे श्रीपाद श्रीवल्लभ स्नान करीत होते.

आता बघा, त्या मुलाला नदीपर्यंत कुणी आणले? कुणी काठी मारली नव्हती, घर जाळले नव्हते. नुसत्या शब्दांनी आणले. हिणवणाऱ्यांपैकी एकालाही वाटले नसेल की आपण कुणाचा जीव घेतो आहोत. प्रत्येकाने एकेकच टोमणा मारला असेल. पण सोसणारा एकटा होता आणि सगळे टोमणे त्याच्या एकट्याच्या पदरात पडले.

आजच्या शाळा-कॉलेजांत हेच चालते, साधन तेवढे बदलले आहे. एखाद्या मुलीचा फोटो बदलून त्यावर वेडेवाकडे लिहायचे आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. एखाद्या मुलाच्या बोलण्याची, रंगाची, जातीची, जाडेपणाची टिंगल करणारे स्टिकर बनवायचे. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडून त्यावर घाण लिहायची. एकाला वगळून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप करायचा आणि ते त्याला कळेल अशी व्यवस्था करायची. याला इंग्रजीत सायबर बुलिंग म्हणतात. आपण त्याला सरळ ‘मोबाईलवरून छळ’ म्हणू.

अंबिकेच्या मुलाला निदान एक सोय होती. घरात येऊन दार लावले की गावाचे टोमणे बाहेर राहायचे. आजच्या मुलाच्या उशीखालीच गाव असते. रात्री बारा वाजता मोबाईल थरथरतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. शिवाय तोंडचा बोल हवेत विरतो, मोबाईलवरचा राहतो आणि हातोहात पसरतो. हसणाऱ्यांची संख्याही त्याला आकड्यात दिसते.

मग घरातले वडीलधारे काय म्हणतात? ‘दुर्लक्ष कर. आमच्या वेळी काय कमी चिडवायचे? संतांनी केवढे सोसले!’ आणि पैठणच्या नाथमहाराजांचा दाखला देतात. अंगावर थुंकणाऱ्या यवनावर न रागावता नाथ पुनःपुन्हा गोदावरीत स्नान करीत राहिले, ही कथा आपल्या सर्वांच्या हृदयात आहे. पण भक्तहो, नाथांच्या पाठीशी जनार्दनस्वामींची कृपा आणि देवगडावरची गुरुसेवा होती. ती शांती तपाने आलेली होती. तेरा वर्षांच्या लेकराकडून ती मागणे म्हणजे त्याला मदत न करण्याची आपण शोधलेली सोय आहे.

श्रीपाद श्रीवल्लभांनी काय केले ते पाहा. ‘लोक बोलतात, तू सोस’ असे ते त्या मुलाला म्हणाले नाहीत. ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ असेही म्हणाले नाहीत. त्यांनी आधी त्या मायलेकरांना अडवले. दुःखाचे कारण ऐकून घेतले. आईला प्रदोषव्रताचा मार्ग सांगितला, म्हणजे तिच्या हाताला काम दिले. आणि मग मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. अडवणे, ऐकणे, मार्ग दाखवणे, हात ठेवणे. मुलाला विद्या देणे हे गुरूंचे सामर्थ्य. पण या चार गोष्टी तर कोणत्याही आजी-आजोबांना जमतील.

अडवायचे तर आधी दिसले पाहिजे. हसतेखेळते पोर मोबाईल वाजला की दचकते, पालथा घालून ठेवते. जेवण कमी होते, झोप उडते, शाळेच्या दिवशीच पोट दुखते. अशा वेळी जवळ बसावे आणि विचारावे. पहिल्या दिवशी ते सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. आणि एक पथ्य पाळावे : मोबाईल काढून घेण्याची धमकी देऊ नये. पुष्कळ मुले केवळ त्या भीतीने तोंड उघडत नाहीत.

ऐकल्यावर मार्गाला लागावे. उलट उत्तर देऊ नये. आलेले मजकूर पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग त्या खात्याची तक्रार ॲपवर करून ते ब्लॉक करावे. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. कॉलेजात असेल तर रॅगिंगविरोधी समितीकडे जावे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ सालापासून कायदा आहे. कुणाचे खाजगी चित्र परवानगीवाचून पसरवणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, आणि अल्पवयीन मुलांचे अश्लील चित्र असेल तर तो फार गंभीर गुन्हा ठरतो. असले चित्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना पाठवू नये, थेट पोलिसांना दाखवावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पोर फारच खचले असेल, जगण्याविषयी निरवानिरवीचे बोलू लागले असेल, तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. यात कमीपणा कसला? कुरवपूरला अंबिकेनेही आपले दुःख गुरूंपुढे मोकळे केलेच की.

आता अवघड प्रश्न. छळणारा आपलाच नातू निघाला तर?

इथे पोथीतला कुमसीचा प्रसंग आठवा. गुरु नरसिंह सरस्वती गाणगापुरी राजवैभवाने, पालखीतून जातात, म्हणून त्रिविक्रम भारती त्यांची दांभिक म्हणून निंदा करीत. गुरूंनी त्यांच्यामागे उलट निंदा केली नाही, शापही दिला नाही. ते स्वतः कुमसीला गेले. त्रिविक्रम भारती पाहतात तो समोरच्या मेळ्यातला प्रत्येक जण दंडधारी यतीच दिसतो. यातले गुरु कोणते ते कळेना. लोटांगणच घातले त्यांनी. दूर बसून ज्याची निंदा केली त्याला समोर पाहिले आणि मग सगळ्यांतच तो दिसू लागला.

मोबाईलवर समोरचा चेहरा दिसत नाही, तिथेच जीभ मोकाट सुटते. तेव्हा नातवाला पाठीशी घालू नका. ‘पोरांची मस्करी हो!’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. त्याला बदडूही नका. मार खाल्लेले पोर दुसरे खाते उघडते. लिहिलेले त्याच्या हाताने पुसवा, ज्यांना पाठवले त्यांनाही ‘हे खोटे होते’ असे त्यालाच कळवायला लावा. मग त्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांची तयारी असेल, तर नातवाला घेऊन त्यांच्या दारी जा. समोर उभे राहून माफी मागताना त्या पोराचे डोळे त्याला दिसतील. त्याची कुमसी तीच.

आणि आपले काय? आपल्या मंडळाच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या सुनेची, कुणाच्या व्यंगाची टिंगल येते. आपण हसतो, पुढे धाडतो. शेजारी बसलेले लेकरू ते पाहत असते. सोवळ्यात पोथी वाचलेले बोट तासाभरात कुणाची अब्रू पुढे ढकलत असेल, तर ते सोवळे कुठवर राहिले?

म्हणून यंदाच्या सप्ताहात एक नियम जास्तीचा घेऊ या. ज्याने कुणाचा जीव दुखेल असे काही आपल्या मोबाईलवरून पुढे जाणार नाही. आणि आठवा अध्याय वाचाल त्या संध्याकाळी घरातल्या मुलांना जवळ बसवून अंबिकेच्या मुलाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. सांगून झाली की एवढेच विचारा, ‘तुमच्या वर्गात असे कुणी आहे का रे?’ मग गप्प राहा. वेळ लागला तरी गप्प राहा. कदाचित वर्गातल्या दुसऱ्या कुणाचे नाव निघेल, कदाचित स्वतःचेच. जे निघेल त्याच्या मस्तकावर हात ठेवायला महाराज तुम्हा-आम्हाला बळ देवोत, हीच दत्तचरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥