बिऱ्हाड कोठे करावे?

वडखळच्या नाक्यावर रस्ता फुटतो. एक महाडवरून गोव्याकडे जातो, दुसरा धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला. पण आमच्या भागातील माणूस पोटासाठी निघतो तो बहुधा उलट्या दिशेने, पेण-पनवेलकडे. जुन्या पिढीचे हात भातशेतीत आणि मिठागरांत राबले. पुढे काहींना डोलवीच्या पोलाद कारखान्यात काम लागले, काही रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत गेले. मुले शिकली तशी ती पनवेल, कळंबोली, ठाणे, पुणे येथे जाऊ लागली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असेच एक जोडपे माझ्याकडे आले. थोड्याच वर्षांपूर्वी घरातला देव्हारा काढून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे. नवऱ्याला पनवेलकडे नोकरी लागली होती, मुले दोन, आणि खोली शोधायची होती.

त्यांनी विचारले, “गुरुजी, खोली आपल्या वस्तीत बघावी की चांगल्या वस्तीत?”

प्रश्न सरळ मनाने विचारला होता. तरी तो मला टोचला, कारण त्यात ‘आपली वस्ती’ आणि ‘चांगली वस्ती’ या दोन निराळ्या वस्त्या होत्या. मी काही बोलणार तोच वहिनींनी हळूच दुसरा प्रश्न केला, “आणि घरमालकाने विचारलं तर काय सांगायचं?” माझ्या मते खरा प्रश्न हाच होता.

धम्मबंधू आणि भगिनींनो, विहारात आपण मंगलसुत्त ऐकतो. त्यात तथागतांनी जी मंगले सांगितली आहेत, त्यांत मूर्खांची संगत टाळणे आहे, शहाण्यांची संगत धरणे आहे आणि योग्य ठिकाणी वास करणे हेही एक मंगल आहे. म्हणजे कोठे राहावे हा प्रश्न केवळ भाड्याचा आणि पाण्याच्या नळाचा नाही, तो धम्माचाही आहे. मात्र योग्य ठिकाण म्हणजे पूर्वेला दार असलेली खोली नव्हे. देव्हारा काढला आणि वास्तुशास्त्र ठेवले अशी घरे मी पाहिली आहेत! ज्या गाथेत योग्य ठिकाणच्या वासाचा उल्लेख येतो, त्याच गाथेत स्वतःला योग्य मार्गावर स्थिर ठेवण्याचाही येतो. मला या दोन गोष्टी एकमेकींवाचून कळत नाहीत. ज्या घरात राहण्यासाठी रोज मार्ग सोडावा लागतो, ते ठिकाण योग्य कसे म्हणावे?

आता हे लिहिणे सोपे आहे. खोली शोधत हिंडणाऱ्याला ते अवघड आहे, आणि किती अवघड आहे हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची गरज नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते आले होते, कारण शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानाची चाकरी करणे भाग होते. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. पण एवढ्या विद्वान माणसाला बडोदे शहरात खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. तेथे फक्त पारशांनाच उतरता येत असे, म्हणून नोंदवहीत पारशी नाव घातले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर लोकांनी त्यांना घेरले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. त्यांचे दोन मित्र त्या शहरात होते. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मग बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही ती छोटी पुस्तिका त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पुष्कळ वर्षांनी, १९९० साली प्रसिद्ध झाली.

हा प्रसंग आपण सभांतून नेहमी सांगतो, पण त्यातील एक बारीक गोष्ट सांगायची राहून जाते. हे पारशी नव्हेत हे त्या धर्मशाळेच्या रखवालदाराला पहिल्या दिवसापासून माहीत होते. धर्मशाळा ओस पडली होती, त्याला चार पैसे हवे होते, आणि बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर. खोटे नाव दोघांच्या सोयीचे होते. काठ्या आल्या तेव्हा मात्र त्या एकासाठीच आल्या. आजही दलाल जेव्हा कानाशी लागून म्हणतो, “आडनावावरून कळत नाही, तुम्ही काही बोलू नका,” तेव्हा ही वाटणी लक्षात ठेवावी. सोय दोघांची असते. भीती एकट्या आपल्या वाट्याला येते.

माझेच सांगतो. बी.एड.साठी मी पुण्याला होतो. माझे आडनाव मराठ्यांतही आहे. घरमालकांनी नाव ऐकले, गाव रायगड जिल्ह्यात हे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्यातलेच की!” मी नुसता हसलो. एक शब्दही खोटा बोललो नाही. पण त्या हसण्याचे भाडे मी चौदा महिने भरले. बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली राहिली. १४ एप्रिलला पांढरा सदरा पिशवीत घालून निघायचो आणि मित्राच्या खोलीवर जाऊन अंगात घालायचो. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज आपोआप उतरायचा.

एकदा आई भेटायला आली. जिना चढताना झाडलोट करणाऱ्या बाईंना तिने सवयीने “जय भीम” घातला आणि त्या बाईंनीही मोठ्याने “जय भीम, आई” म्हटले. नंतर त्या मला म्हणाल्या, “मला केव्हाच माहीत होतं, भाऊ. सहा डिसेंबरला दादरला गेलात त्याच गाडीत मीपण होते. तुम्ही लपवताय म्हणून मी गप्प राहिले.” माझे खोटे सांभाळण्याचे काम माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या, कमी पगाराच्या एका उपासिकेने इतके महिने केले होते, आणि जिन्यात मी तिला ओळखही दाखवीत नव्हतो! पंधरा दिवसांत घरमालकांनी सांगितले, भाचा शिकायला येणार आहे, जागा लागेल. तो भाचा पुढे आल्याचे ऐकिवात नाही. खोली गेल्याचे मला पुढे फारसे वाटले नाही, पण त्या बाईंचे बोलणे अजून आठवते.

कोणी म्हणेल, घरमालक खोटेपणा करतो, मग भाडेकरूनेच शील का पाळावे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. रात्री गाडीतून उतरलेली परिचारिका, वसतिगृहात जागा न मिळालेली मुलगी, अंगावर तान्हे मूल घेऊन निघालेली विधवा यांना “आधी सत्य बोला, मग खोली शोधा” असे सांगणारा मी कोण? जात विचारणारा दोषी आहे. ती लपवावी लागणारा नव्हे. शिवाय पंचशील हे कोणा देवाचे हुकूम नाहीत, मोडले तर नरक असाही मामला नाही. ती शिक्षापदे आहेत, म्हणजे शिकण्याचे नियम. चुकले तर चूक पाहायची आणि पुन्हा नियम घ्यायचा. आणि न विचारता सांगत सुटावे असेही शील म्हणत नाही. नाव विचारले, नाव सांगितले, यात खोटे काही नाही. “तुम्ही अमुकच ना?” या प्रश्नाला मान डोलावली की तेथून खोटे सुरू होते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते मान डोलावणाऱ्यापाशी थांबत नाही. ते घरातल्या मुलांना शिकवावे लागते.

शिक्षक म्हणून हे मी वर्गात पाहतो. एखादा मुलगा जयंतीच्या दुसऱ्या दिवशी “काल काय केलंस?” असे विचारले की वर्गाकडे पाहतो आणि मग “काही नाही” म्हणतो. मित्रांना घरी बोलावीत नाही. काय बोलायचे आणि काय नाही, हे त्याला आईबापांनी उंबऱ्यात उभे करून पढवलेले असते. आईबापांना त्याच्यासाठी चांगली शाळा, चांगली वस्ती हवी होती. ती मिळाली. पण आपण जे आहोत ते सांगण्यासारखे नाही, हा धडा त्याला त्या शाळेआधी घरातच मिळाला. असल्या धड्यापासून सुटण्यासाठीच तर धम्म स्वीकारला ना?

मग आपल्याच वस्तीत राहावे, असा याचा अर्थ होतो काय? तसा सरसकट नाही. बाबासाहेबांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती हे खरे. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत तसा ठराव झाला आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही ती मागणी आहे. पण ती खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी होती. गावाच्या तुकड्यावर जगणाऱ्याला गावापुढे ताठ उभे राहता येत नाही, म्हणून त्याला स्वतःची जमीन आणि स्वतःचे गाव हवे होते. स्वतः बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत कामगारांत वर्षानुवर्षे दोन खोल्यांत राहिले आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले. घराला मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिले, तेही कोणापासून न लपवता. चाळीतही ते आंबेडकर होते आणि हिंदू कॉलनीतही आंबेडकरच.

आपल्या वस्तीचे मोल कमी नाही. आजारपणात रात्री दार वाजवता येते, वर्षावासात ग्रंथवाचन ऐकायला मिळते, मुलांना वंदना पाठ होते. कल्याणमित्रांची संगत हे धम्मजीवनाचे सर्वस्व आहे असे तथागतांनी आनंदाला सांगितले. मात्र जेथे जयंतीच्या वर्गणीसाठी दंडेली चालते आणि विहाराला वर्षभर कुलूप असते, ती वस्ती केवळ निळ्या झेंड्यामुळे योग्य ठिकाण होत नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

कायद्याविषयी थोडे. महाडचे तळे सार्वजनिक होते, घर मात्र खाजगी, तेथे आपला काय हक्क, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ सालच्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमानुसार कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अडचण एवढीच की कारण कोणी सांगत नाही. भाचा येतो, मुलीचे लग्न निघते, अकरा महिन्यांचा करार संपतो, “आम्हाला शाकाहारीच हवेत” असे म्हटले जाते. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात निरनिराळ्या समाजांच्या नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी करून पाहिली. ती पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सवर्ण नावाला दार उघडत होते, दलित नावाला कमी वेळा आणि मुसलमान नावाला सर्वांत कमी वेळा.

मुसलमानांची गोष्ट निघाली म्हणून आपल्याच घरात डोकावू. आपल्यातही आता शहरात दुसरी सदनिका घेऊन ती भाड्याने देणारे झाले आहेत, आनंद आहे. पण त्यांतील काही जण दलालाला काय सांगतात हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मुसलमान नको, मातंग नको. पेण तालुक्यातला कातकरी तर दारापर्यंतही येत नाही. बडोद्याच्या धर्मशाळेची गोष्ट सांगताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांच्या किल्ल्या अशा माणसाच्या हाती पडत नसतील, तर ती गोष्ट आपण कोणाला सांगतो आहोत?

त्या जोडप्याला मी एवढेच सांगितले. खोली पाहताना पाणी, भाडे, शाळा, गाडी सगळे पाहा. त्याबरोबर तसबीर बाहेरच्या खोलीत लावता येईल का आणि मुलाला शाळेत जे बोलतो तेच जिन्यात बोलता येईल का, हेही पाहा. विहार चालत गाठता आला तर दोन पैसे जास्त द्या. आणि पनवेलकडे आधीच स्थिर झालेल्या आमच्या दोन-तीन घरांना फोन करून म्हटले, यांना खोली मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस ठेवून घ्या. अंगावर सामान असलेला माणूस घाईत मान डोलावतो. पाठ टेकायला जागा असलेला माणूस “नको” म्हणू शकतो. एका घराने ठेवून घेतले. दुसऱ्याने पाहुणे आहेत म्हणून सांगितले.

सिडकोने १९७० नंतर आखून वसवलेल्या त्या नव्या नगरांत नकाशावर वाडा नाही आणि वाडीही नाही, सेक्टरांना नुसते आकडे आहेत. तरी आडनाव विचारले जातेच. तिसऱ्या ठिकाणी कोणी काही विचारण्याआधीच वहिनी म्हणाल्या, “आम्ही बौद्ध आहोत.” उद्या कळवतो म्हणाले, कळवले नाही. पाचव्या ठिकाणी खोली मिळाली. चौथा मजला आहे, उद्वाहन नाही, भाडे ठरवले होते त्यापेक्षा जास्त, आणि विहार पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. परवा वहिनींचा फोन आला होता. तसबीर बाहेरच्याच खोलीत लावली आहे म्हणाल्या. भिंत नुकतीच रंगवलेली होती, म्हणून खिळा मात्र घरमालकांना विचारून ठोकला.